पाचटाआडचा फाळ

अकरावीच्या शास्त्राच्या पुस्तकात अणूला सव्वा पान दिलं होतं आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. साबण कसा करतात त्याला अडीच पानं, आणि ज्याच्यापासून साबण, साबण लावणारा आणि त्याच्या अंगावरचा मळ असं सगळंच झालंय, त्या बिचाऱ्याला सव्वा. तेव्हा माझं वय तेवीस. पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो होतो आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घर बारामतीला. वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान होतं, मी गल्ल्यावर बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. इंदापूरच्या हायस्कुलात शास्त्राचा मास्तर हवाय असं कुणीतरी सांगितलं, तसा मी वळकटी उचलली आणि एस.टी.त जाऊन बसलो. पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं.

शाळा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, पुढं मैदान, मैदानाच्या टोकाला दोन दांडगे लिंब आणि त्यांच्या मागं मातीचा उंच बांध. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली हेडसरांच्या कोटाच्या खिशात. हेडसर माणूस चांगला, पण त्यांचं एकच म्हणणं असायचं, ‘उत्तरं सांगा, लिहून घ्या म्हणा, पोरं पास होतील.’ मी मान डोलवायचो आणि वर्गात जाऊन मला हवं तेच करायचो. सव्वा पान मी तीन आठवडे शिकवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी गुळाचा खडा घेऊन गेलो. म्हटलं, ह्याचे दोन तुकडे करा. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. पुन्हा दोन. कुठवर करता येतील? पोरं तुकडे करत गेली, बोटांना चिकटलेलं चाटत गेली, आणि शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, संपला.’ वर्ग हसला, मीही हसलो, आणि मग सांगितलं की अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, तिकडं ग्रीसमध्येही आणि आपल्याकडेही, फक्त त्यांनी गूळ खाल्ला नसावा.

तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. शास्त्रज्ञांची नावं मी फळ्यावर लिहायचो, पण पोरांनी ती पुसून स्वतःची ठेवली. अणू म्हणजे भरीव, न फुटणारी गोटी असं सांगणारा, एका विणकराचा शाळामास्तर झालेला मुलगा, तो झाला ‘गोटीवाला मास्तर’. पुढं शंभरेक वर्षांनी एकानं सांगितलं की अणूच्या आतही बारके कण आहेत, लाडवात बेदाणे रुतलेले असावेत तसे. तो ‘लाडूवाला’. आणि त्या लाडूवाल्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं सोन्याच्या वर्खावर अदृश्य कणांचा मारा करवला. बहुतेक सगळे कण आरपार गेले, पण एखादा एखादा चक्क उलटा फिरला. म्हणजे अणू बराचसा रिकामा, आणि मधोमध काहीतरी इवलंसं, घट्ट. गुरूचा लाडू शिष्यानं फोडला. तो अर्थात ‘वर्खवाला’.

ह्या गोष्टीनं वर्गात मोठी खळबळ उडाली. अणूच्या पोकळपणाचं कुणालाच काही वाटलं नाही. गुरूला चूक ठरवलं, ह्याचं सगळ्यांना वाटलं. एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, मग लाडूवाले मास्तर रागावले न्हाईत व्हय?’ मी म्हटलं, शास्त्रात गुरूची चूक दाखवणं हीच गुरुदक्षिणा. हे वाक्य मी मोठ्या ऐटीत म्हटलं. ते आठवडाभरातच माझ्या अंगावर येणार होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्गात मुली दोनच. त्यातली एक लोणी देवकरच्या वाटेवरच्या वस्तीवरून रोज चालत यायची. बोलायची कमी. पण मी काही सांगितलं की तिची मान किंचित कलायची, आणि मग मला कळायचं की आपण सांगताना कुठंतरी पायरी गाळली. मी परत मागं जाऊन ती पायरी सांगायचो. तिच्या मानेवरून मी माझं शिकवणं तपासायला लागलो होतो.

वर्खाची गोष्ट सांगून झाली त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘सर, सोमवारपास्नं मी येनार न्हाय. शाळू भरलाय. राखनीला बसायचंय.’

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. कणसात दाणा भरला की पाखरांचे थवेच्या थवे उतरतात, आणि मग पिकातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून दिवसभर गोफणीनं दगड भिरकावत ओरडत राहायचं. ही राखण महिनाभर तरी चालते. दरवर्षी ती महिनाभर गैरहजर राहायची आणि परत येऊन राहिलेलं भरून काढायची. पण हे अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं वर्ष होतं. ह्याच महिन्यात शाळेची चाचणी होती आणि चाचणीला जो बसणार नाही त्याचा मॅट्रिकचा फॉर्म हेडसर पुढं पाठवत नसत. म्हणजे राखणीला बसली की मॅट्रिक बुडालं. आणि एकदा बुडाल्यावर पुन्हा कुणी तिला शाळेत धाडणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्याच दिवशी मी सायकल काढली आणि तिच्या वस्तीवर गेलो. तिच्या वडिलांना सगळी वस्ती तात्या म्हणायची, तीही तात्याच म्हणायची. विहिरीच्या कडेला वांग्यांची पट्टी होती, तिथं ते तोडणी करत होते. मुलगा साखर कारखान्यात लागलेला, बायकोची नजर अधू, त्यामुळं वांगी तोडणं आणि बाजारात नेणं त्यांच्याकडे आणि पाखरं पोरीकडे, अशी त्यांची वाटणी होती. मी समजावायला म्हणून गेलो आणि पाच मिनिटांत भांडायला लागलो. ते मात्र शांत होते. एकेक वांगं पाटीत ठेवत म्हणाले, ‘मास्तर, पुस्तक कुठं पळून जातंय? पाखरं थांबत न्हाईत.’

‘परीक्षा थांबत नाही तात्या.’

‘आन शिकवता काय तुमी? पोरगी म्हनती, डोळ्याला दिसत न्हाय असल्या वस्तूचं शिकवता. न दिसनाऱ्याच्या नादी लागून दिसनारं पीक पाखरांना घालू व्हय?’

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, ‘शनिवारी शाळेत या. न दिसणारं कसं ओळखतात ते दाखवतो.’

‘शनिवारी बाजारला वांगी घेऊन येनारच हाय,’ ते म्हणाले, ‘येताना तिला घेऊनच येतो माघारी. आन आमची गोफन तिनं शाळंत नेलीया म्हनं, ती बी.’

गोफण मीच आणायला सांगितली होती. सगळ्यांनाच. परतताना मी सायकल अशी हाणली की दोनदा चेन पडली. डोक्यात एकच विचार, शनिवारी प्रयोग असा झाला पाहिजे की तात्यांचं तोंड बंद.

प्रयोग माझा स्वतःचा होता आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता. लासुर्ण्याकडच्या एका मुलाच्या घरून बैलगाडीत उसाचं पाचट आलं. दोन लिंबांच्या मधे दोरी बांधून त्या वाळलेल्या पात्यांचा दहा-बारा हात रुंदीचा पडदा केला, असा विरळ की दगड सहज पलीकडे जावा, पण आतलं काही दिसू नये. शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी आणि शिपायानं त्या पाचटाच्या आत साखळीनं एक नांगराचा फाळ टांगला. कुठं टांगलाय आणि काय टांगलंय हे आम्हा दोघांनाच माहीत. पोरांनी तीस पावलांवरून गोफणीनं खडे मारायचे. मागं बांध होता, त्यामुळं भीती नव्हती. जे खडे आरपार जातील ते जातील, जो लागेल तो वाजेल. आणि शेवटी पोरांनीच सांगायचं की आत काय आहे, केवढं आहे, कुठं आहे. वर्खवाल्याचा प्रयोग आमच्या मैदानावर. मला आदल्या दिवशी धड जेवणही गेलं नव्हतं.

सगळी अकरावी गोफणी घेऊन हजर. हेडसर छत्री टेकून बाजूला उभे. तिला मी वही देऊन बसवलं होतं, वहीत दोन रकाने, ‘आरपार’ आणि ‘वाजला’. गोफणी फिरायला लागल्या, सूं सूं आवाज सुरू झाला. पहिला खडा आरपार. दुसरा आरपार. दहावा, पंधरावा, आरपार. मी हेडसरांकडे बघून नुसता हसत होतो. आणि मग एका दांडग्या पोराचा खडा गेला आणि आतून आवाज आला, टण्ण.

काय सांगू. अंगावर काटा आला. आत फाळ आहे हे मला माहीत होतं, मीच टांगला होता, तरी काटा आला. पोरं नाचायला लागली. मी हात उंचावून ओरडलो, ‘मारा, मारत राहा.’

तिथंच घात झाला. पुढचा खडा, टण्ण. त्याच्या पुढचा, टण्ण. मग टण्ण, टण्ण, टण्ण, घिसाड्याच्या पालासारखं. ही पोरं लहानपणापासून गोफणीवर वाढलेली. एकदा आवाज कुठून आला ते कळल्यावर त्यांच्यातला एक जण चुकायला तयार नव्हता. जो तो नेम धरत होता, लागला की नसलेल्या मिशीवर ताव देत होता. वहीतला ‘वाजला’चा रकाना भराभरा भरत चालला.

हेडसर छत्रीवरचा हात बदलत म्हणाले, ‘तुमचा अणू चांगलाच भरीव निघाला हो.’

माझं डोकं फिरलं. मी पोरांवर ओरडलो. म्हटलं, अकला आहेत का, नेम धरायला ही काय जत्रा आहे का, सगळ्या प्रयोगाचा विचका केलात. पोरांना कळेना की त्यांनी केलं तरी काय, दगड लागला तर शाबासकी मिळते एवढं त्यांना माहीत. आणि नेमक्या त्याच वेळी मला मैदानाच्या कुंपणापाशी तात्या दिसले. काखोटीला रिकामी पाटी, डोक्याला पागोटं, शांतपणे बघत उभे. मनात आलं, संपलं. ही आता माळ्यावर जाणार आणि आयुष्यभर तिथंच राहणार, माझ्या गाढवपणामुळं.

‘सर,’ मागून आवाज आला. ती उभी राहिली होती. वही छातीशी धरलेली. ‘सर, त्यांचं न्हाय. तुमचं चुकलं.’

भर मैदानात, हेडसरांसमोर, स्वतःच्या बापासमोर एक मुलगी मास्तरला चुकलं म्हणत होती. तात्यांनी पाटी खाली ठेवली. माझ्या कानशिलांत रक्त चढलं, जिभेवर चांगलं खरमरीत आलं होतं, आणि मग ते गुरुदक्षिणेचं ऐटदार वाक्य आठवलं. गिळलं सगळं. विचारलं, ‘काय चुकलं?’

‘तुमी त्यास्नी नेम धरू दिला,’ ती म्हणाली. ‘रानात आमी नेम धरत न्हाय. पाखरू कनसाआड बसलेलं असतंय, ते दिसतच न्हाय, मग नेम कशावर धरनार? ह्या बांधापास्नं त्या बांधापतूर दगड टाकत जायचं. जितं पाखरू असंल तितनं ते उठतंय. जितं न्हाय तितं काय होत न्हाय. दोनी कळायला पायजेत.’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कॉलेजात चार वर्षं काढली, तो वर्खाचा प्रयोग तोंडपाठ होता, पण त्यातला जीव कुठं आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. त्या कणांना डोळे नव्हते. ते सगळीकडं सारखेच पडत होते, म्हणून तर ‘बहुतेक आरपार’ ह्याला अर्थ होता. मी आनंदानं अक्षरशः टाळी वाजवली. म्हटलं, ‘बरोबर. माझंच चुकलं. आता तू सांग, ही सांगेल तसं करा रे.’

मग तिनं ताबा घेतला. आधीचं पान फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नव्यानं रकाने पाडले. सगळ्यांना पडद्यासमोर एका ओळीत उभं केलं. ज्यानं त्यानं आपल्या समोर सरळ, पण कधी वर कधी खाली असा खडा टाकायचा, आवाज आला तरी तिकडं वळायचं नाही. पाच खडे झाले की सगळ्यांनी एक पाऊल उजवीकडे. दांडग्या पोराला ते फार जड गेलं, त्याचा हात राहून राहून मधे वळायचा आणि ती नुसती बघायची की परत सरळ व्हायचा. आरपार, आरपार, आरपार. मधेच एक टण्ण. पुन्हा कितीतरी आरपार. हेडसर छत्री विसरून पुढं आले होते आणि तोंडातल्या तोंडात मोजत होते. मला उभं राहवत नव्हतं, मी त्या ओळीच्या मागून नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

खडे संपले तशी ती वहीतून मान वर करून म्हणाली, ‘सर, पडदा बराचसा रिकामाच हाय. डाव्या लिंबापास्नं सात हातांवर, कमरंएवढ्या उंचीला कायतरी हाय. लोखंडाचं. हातभर उंच आन वीतभर रुंद, त्याच्यापरीस मोठं न्हाय.’

तंतोतंत. मी शिपायाकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता.

तोवर तात्या कुंपण ओलांडून आत आले होते. तिच्या शेजारी बाकावर ठेवलेली आपली गोफण त्यांनी उचलली, खाली वाकून एक खडा निवडला आणि मला म्हणाले, ‘मास्तर, मी एक टाकू का?’ आम्ही सगळे बाजूला झालो. त्यांनी गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवली आणि सोडली. खडा पाचटातून सळसळत पलीकडं गेला आणि बांधावर पडला. आवाज आला नाही.

‘काय न्हाय लागलं,’ ते म्हणाले. जरा ओशाळले होते.

‘तात्या, न लागलेला बी लिवायचा असतो,’ ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे. ‘बरं. लिव्ह मग.’

तिनं लिहिलं. मी पडदा सोडायला दोरीकडे निघालो, म्हटलं आता तात्यांना फाळ दाखवतो, सगळं एकदा डोळ्यांनी बघू देत. त्यांनी मला हात आडवा केला. ‘ऱ्हाऊ द्या मास्तर. तिनं सांगितलंय न्हवं? मग तितंच असंल.’

त्यांनी गोफण गुंडाळली, पागोट्यात खोवली आणि पाटी काखेत मारली. ती वही माझ्या हातात देऊन दप्तर आवरायला लागली होती, कारण ते तिला न्यायलाच आले होते. तिनं दप्तर खांद्याला लावलेलं बघून ते म्हणाले, ‘तू कुठं निघालीस? शाळा सुटली का?’

‘राखन...’

‘वांगी दोन दिसाआड तोडली तरी चालत्यात. पाखरं मी बगतो.’ आणि वळून ते बाजाराच्या वाटेनं गेलेसुद्धा. ती दप्तर खांद्याला तशीच उभी राहिली. मी पोरांना विनाकारण खडे वेचायला लावलं.

ती मॅट्रिक झाली. पेपरात अणूवर एकही प्रश्न आला नाही, साबणावर मात्र आला, ह्याचा राग मला आजही आहे. वही माझ्यापाशीच राहिली. शेवटच्या ओळीत तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘तात्यांचा खडा, आरपार.’

पण मला सांगायचं आहे ते सोमवारचं. त्या सोमवारी सकाळी मी मुद्दाम लोणी देवकरच्या रस्त्यानं सायकल काढली. शाळू टरारून उभा होता आणि मधल्या माळ्यावर तात्या, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत एकेक दगड टाकत होते. मला बघून थांबले. लांबूनच ओरडून विचारलं, ‘मास्तर, आज काय शिकवनार?’

मी सायकलवरून उतरलो आणि तेवढ्याच मोठ्यानं ओरडलो, ‘त्या फाळाच्या आत काय आहे ते.’

‘त्याच्या आत बी हाय व्हय कायतरी?’

‘आहे तात्या. पुष्कळ आहे.’

त्यांनी वाकून नवा दगड उचलला. मग गोफणीत दगड ठेवता ठेवता म्हणाले, ‘नीट शिकवा मग. रातच्याला मी तिला इचारनार हाय.’